होडीचं एक टोक ढकललं की दुसरं धक्क्याला का आपटतं? जोर फिरवण्यात ‘खर्च’ होतो का?

मासुंदाकाठ · शनिवार, रात्री १०:१०

आज संध्याकाळी मुलांना घेऊन तलावपाळीला गेलो होतो. होडी धक्क्याला आडवी, लांबीच्या बाजूने लागलेली. मी पुढे बसलो होतो, पाय धक्क्याला टेकवून पुढचं टोक बाहेर ढकललं. ते छान बाहेर गेलं, पण मागचं टोक उलटं धक्क्यावर खाडकन आपटलं. तिथे धाकट्याचा हात काठावर होता, थोडक्यात वाचला. होडीवाले मामा म्हणाले, “साहेब, मधून ढकलायचं असतं.”

घरी आल्यावर लेकीशी (बारावी सायन्स) यावर बोलणं निघालं, तर तिने क्लासच्या नोट्स दाखवल्या. त्यांत लिहिलंय, की टोकाला बल लावलं तर त्याचा काही भाग वस्तू फिरवायला जातो आणि उरलेला सरकवायला. तिला हे पटत नाहीये. मलाही नीट सांगता आलं नाही. माझा डिप्लोमा होऊन वीस वर्षं झाली.

पाणी, वारा सगळं बाजूला ठेवून प्रश्न असा : अगदी गुळगुळीत बर्फावर एक सरळ पट्टी पडली आहे. एकदा मध्यावर १ न्यूटन जोर लावला, एकदा तेवढाच जोर तेवढाच वेळ टोकाला, पट्टीला काटकोनात. दुसऱ्या वेळी पट्टीचा मध्य तेवढ्याच वेगाने पुढे जाईल की कमी?

कॅरमवेडा · शनिवार, रात्री १०:४२

कमी. आत्ताच बोर्डवर भरपूर पावडर टाकून तीस सेंटिमीटरची पट्टी ठेवली आणि बोटाने टिचकी मारून पाहिलं. मध्यावर मारली की पट्टी सरळ समोरच्या कडेला जाते. टोकाला मारली की जागच्या जागी गिरकी घेते, पुढे फार तर वीतभर जाते. दहा वेळा करून पाहिलं, दहाही वेळा हेच. जोर फिरण्यात गेला, हे डोळ्यांना दिसतंय.

फळ्यासमोर · रविवार, सकाळी ७:१५

नेरूळला राहतो, चौतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं. लेकीला सांगा, तिची शंका बरोबर आहे, आणि शंका घेतल्याबद्दल तिचं कौतुक करा.

उत्तर : मध्य दोन्ही वेळा अगदी सारखाच पुढे जातो. बलाची वाटणी होत नाही.

पट्टी म्हणजे एकमेकांना घट्ट धरून बसलेले कण. प्रत्येक कणासाठी न्यूटनचा दुसरा नियम लिहा आणि सगळ्यांची बेरीज करा. कण एकमेकांना जे ओढतात-ढकलतात, ती बलं जोडीजोडीने विरुद्ध असल्याने बेरजेत नाहीशी होतात. मागे राहतं फक्त बाहेरचं बल, आणि ते एकूण वस्तुमान गुणिले वस्तुमानकेंद्राचं (आपल्या पट्टीत तिच्या मध्याचं) त्वरण एवढं असतं. या बेरजेत बल कुठे लावलं हा प्रश्न कुठेच येत नाही. मध्यावर लावा, टोकाला लावा, केंद्राचं त्वरण तेच.

कुठे लावलं हे महत्त्वाचं ठरतं दुसऱ्या हिशोबात. बल गुणिले केंद्रापासून त्याच्या रेषेचं लंबांतर म्हणजे परिबल, ज्याला हल्ली सगळे टॉर्क म्हणतात. ते वस्तूला केंद्राभोवती फिरवतं. हे दोन स्वतंत्र हिशोब आहेत आणि तेच एक बल दोन्हींत पूर्णच्या पूर्ण धरायचं. लिओनार्ड ऑयलर यांचा दृढ वस्तूंच्या गतीवरचा मोठा ग्रंथ १७६५ सालचा. तेव्हापासून हे असंच मांडलं जातं.

आकडे घालून पाहू. पट्टी १ किलोची, १ मीटर लांब. टोकाला १ न्यूटन. केंद्राचं त्वरण १ मीटर प्रति सेकंद वर्ग. परिबल अर्धा न्यूटन-मीटर, पट्टीचं निरूढी परिबल (फिरवायला ती किती विरोध करते त्याचं माप) १/१२, म्हणून कोनीय त्वरण ६. टोक केंद्रापासून अर्धा मीटर, म्हणजे फिरण्यामुळे टोकाला ३ चं त्वरण. ढकललेल्या टोकाला १ अधिक ३ म्हणजे ४. पलीकडच्या टोकाला १ वजा ३ म्हणजे उणे २! ते उलट्या दिशेने, केंद्राच्या दुप्पट जोमाने मागे येतं. तुमच्या होडीचं मागचं टोक धक्क्याला आपटलं ते याचमुळे. होडी काही सगळीकडे सारखी पट्टी नसते आणि पाणीही आडवं येतं, पण सुरुवातीच्या क्षणाला गोष्ट हीच. मुलाचा हात वाचला हे फार बरं झालं. चढता-उतरताना बोटं काठाच्या आत ठेवायला शिकवा.

कॅरमवेडा · रविवार, सकाळी ९:०३

सर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण मग माझी पट्टी का गेली नाही पुढे? डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं मानू?

फळ्यासमोर · रविवार, सकाळी ९:५०

पाहिलेलं खरंच आहे. पण तुम्ही दोन्ही वेळा ‘तेवढंच बल’ लावलं नाहीत, लावूच शकत नव्हतात. टिचकी सारखी असली तर बोटाचा वेग सारखा असतो, बल नाही.

वरच्या आकड्यांत पाहा. त्याच १ न्यूटनला मध्य १ च्या त्वरणाने सरकतो आणि टोक ४ च्या. म्हणजे टोकाला ढकलणाऱ्याला पट्टी एक-चतुर्थांश वजनाची वाटते. बोट लागताच टोक पटकन निसटतं, बोटाला पुरेसा प्रतिकारच मिळत नाही. बोट पट्टीपेक्षा खूप जड आहे आणि त्याचा वेग बदलत नाही असं धरलं, तर टोकाला मारल्यावर पट्टीला मध्याच्या तुलनेत चौथाच हिस्सा आवेग (बल गुणिले वेळ) मिळतो, आणि मध्याचा वेगही चौथा हिस्सा. वर पावडर टाकली तरी बोर्डचं घर्षण असतंच. तुमची पट्टी वीतभरच गेली ती आवेग कमी मिळाला म्हणून. फिरण्याने जोर खाल्ला म्हणून नव्हे.

नोट्स लिहिणाऱ्यांचाही हाच घोटाळा झाला असावा. अनुभव टिचकीचा, आणि नियम बलाचा.

लेखापाल_वाशी · रविवार, दुपारी १२:२०

मी कॉमर्सचा माणूस, पण इथे ताळेबंद जुळत नाहीये. बल तेवढंच, वेळ तेवढाच. मध्यावर ढकललं तर पट्टी नुसती सरकते. टोकाला ढकललं तर तेवढीच सरकते आणि वर फिरतेही. ही फिरण्याची ऊर्जा जास्तीची झाली. ती कुणाच्या खात्यातून आली?

मासुंदाकाठ · रविवार, दुपारी १:०५

हाच प्रश्न लेकीने जेवताना विचारला. आणि मग स्वतःच म्हणाली, “ढकलणाऱ्याच्या खात्यातून. बल तेवढंच आहे, पण त्याला जास्त अंतर ढकलत जावं लागतं.” सर, बरोबर ना?

फळ्यासमोर · रविवार, दुपारी १:३०

शंभर टक्के बरोबर. कार्य म्हणजे बल गुणिले अंतर, आणि ते अंतर जिथे बल लागतं त्या बिंदूचं मोजायचं, केंद्राचं नाही. टोक चौपट पळतं, म्हणून सुरुवातीच्या तेवढ्याच काळात कार्यही चौपट. त्यातला एक हिस्सा सरकण्याच्या ऊर्जेत, तीन हिस्से फिरण्याच्या. वाशीकरांचा ताळेबंद जुळला. वाटणी होते ती ऊर्जेची, बलाची नाही. तुमचा प्रश्न नेमक्या जागी बोट ठेवणारा होता, कॉमर्सचं निमित्त पुन्हा सांगू नका.

ऐरोलीकडून · रविवार, रात्री ८:४०

मी रबाळे एमआयडीसीत फिटर. आकडेमोड तुमची, पण यातली अर्धी गोष्ट आम्हाला हात शिकवतो. नवीन पोरगं आलं की पहिल्यांदा टॅपने आटे पाडायला देतो. ते टॅप हँडलची एकच बाजू धरून ओढतं. टॅप फिरतो, पण एका बाजूला वाकतोही, आणि कडक पोलादाचा असल्याने कट्‌कन तुटतो. तुटलेला टुकडा भोकातून काढताना अख्खी पाळी जाते. दोन्ही हातांनी, दोन्ही बाजूंना सारखा जोर, एक पुढे एक मागे, हे मी हात धरून शिकवतो. तेव्हा टॅप नुसता फिरतो, सरकायला बघत नाही.

गाडीच्या चाकाचे नट खोलायचा चार तोंडांचा पाना असतो, त्याचंही तेच. एल आकाराच्या पान्याने एका हाताने जोर लावला की नट फिरतो, पण आख्खा जोर नटावर आडवाही बसतो. सरांच्या भाषेत हेच ना, की बल दोन्हीकडे पूर्ण लागतं?

फळ्यासमोर · रविवार, रात्री ९:१५

हेच. तुम्ही सांगितलेल्या दोन हातांच्या जोडीला बलयुग्म म्हणतात. ही कल्पना फ्रान्सच्या लुई प्वान्सो यांनी १८०३ साली मांडली. दोन समान आणि विरुद्ध बलांची बेरीज शून्य, म्हणून केंद्र हलत नाही. परिबल मात्र शून्य नाही. आणि गंमत अशी, की मोकळ्या वस्तूवर बलयुग्म कुठेही लावा, अगदी एका कोपऱ्यात लावा, वस्तू फिरते ती आपल्या वस्तुमानकेंद्राभोवतीच. बर्फावरच्या पट्टीच्या एका टोकाशी दोन बोटांनी पीळ दिला तरी ती त्या टोकाभोवती फिरणार नाही, मध्याभोवती फिरेल. हे विद्यार्थ्यांना पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागायचा, कारण आपण आयुष्यभर बिजागरीच्या दारांना सवयलेलो असतो. दाराला बिजागरी स्वतःहून बल लावते आणि केंद्राला गोल फिरायला भाग पाडते. अंतराळात बिजागरी नाही.

अंतराळावरून आठवलं. इस्रोच्या इन्सॅट-२ मालिकेतल्या काही उपग्रहांना (पहिला १९९२ सालचा) सौरपंख एकाच बाजूला होता. दुसरी बाजू मोकळी हवी होती, कारण तिकडे ढगांची चित्रं घेणारं उपकरण थंड ठेवायचं होतं. पण सूर्यप्रकाशाचाही अगदी बारीक दाब असतो. एकाच बाजूला पंख म्हटल्यावर ते बल केंद्रातून जात नाही, म्हणून परिबल, म्हणून उपग्रह हळूहळू वळणार. त्यावर उपाय म्हणून दुसऱ्या बाजूला लांब दांडीवर हलकं सौरशीड बसवलं होतं, दोन्हीकडचं परिबल सारखं व्हावं म्हणून. टॅप हँडलचा दुसरा हात म्हणा ना!

मासुंदाकाठ · सोमवार, रात्री १०:३०

लेकीने आज प्रयोग केला, तो सविस्तर लिहितो.

फरशीवर मोहरीचा एकच पातळ थर पसरला. त्यावर एक गोल स्टीलचा डबा, तांदळाने गच्च भरलेला, साधारण किलोभर. मोहरीवर तो बऱ्यापैकी अलगद सरकतो. डब्याच्या तळाजवळ दोरा चार-पाच वेढे गुंडाळला आणि मोकळं टोक सरळ ओढलं. दोरा तळाजवळ का, तर वर गुंडाळला तर डबा कलंडतो. डबा फिरत फिरत पुढे आला. मोबाईलवर स्लो मोशनमध्ये काढलं.

हिशोब तिने आधीच करून ठेवला होता. भरीव गोल वस्तूचं निरूढी परिबल अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग. त्यावरून डबा एक वीत सरकला तर दोरा तीन वीत निघायला हवा : एक सरकण्याची, दोन उलगडण्याच्या. प्रत्यक्षात डबा २० सेंटिमीटर सरकेपर्यंत दोरा ५६ ते ५८ सेंटिमीटर निघाला. हळू ओढा, जोरात ओढा, जवळपास तेवढाच. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

आणि मग लेक म्हणाली, “बाबा, पण यातून काहीच सिद्ध होत नाही.”

तिचं म्हणणं असं : समजा नोट्स खऱ्या आहेत. अर्धं बल सरकवायला, अर्धं फिरवायला. मग सरकणंही अर्धं, फिरणंही अर्धं, आणि प्रमाण पुन्हा तेच, एकास तीन. हा प्रयोग दोन्ही मतांना सारखाच उत्तर देतो. मी पाच मिनिटं तिच्याकडे बघत राहिलो. तिचं बरोबर आहे.

कॅरमवेडा · सोमवार, रात्री ११:१०

मुलगी भारी आहे. मग दोन डबे लागतील. एक फिरणारा, एक न फिरणारा, आणि दोघांना तंतोतंत सारखं बल. पण सारखं बल हाताने कसं लावणार? टिचकीने माझी जी फसगत झाली, तीच पुन्हा व्हायची.

ऐरोलीकडून · मंगळवार, सकाळी ६:५५

पहिल्या पाळीला निघतोय म्हणून थोडक्यात. एकच दोरा घ्या आणि तो कप्पीवरून घाला. एक टोक एका डब्याला, दुसरं टोक दुसऱ्याला. ओढायचं ते कप्पीला. कप्पी मोकळी फिरत असली तर दोन्ही बाजूंचा ताण सारखा राहतोच, तुमचा हात कसाही असो. कप्पी नसेल तर मुलांच्या जुन्या स्पिनरमधलं बेअरिंग चालेल. दोरे लांब ठेवा, म्हणजे तिरपे होणार नाहीत.

फळ्यासमोर · मंगळवार, सकाळी ८:२०

ऐरोलीकर, मी रात्रभर तराजू आणि लटकती वजनं यांत अडकलो होतो. वजन लटकवलं की वेगळीच अडचण येते : फिरणाऱ्या डब्याचा दोरा जास्त भराभर निघतो, वजन जास्त त्वरणाने खाली जातं आणि त्या दोऱ्यातला ताण कमी होतो. तुमच्या कप्पीने हा प्रश्नच मिटवला. सुरेख.

मासुंदाकाठ · बुधवार, रात्री ९:४५

केला! दोन सारखे डबे, वजनकाट्यावर तांदूळ मोजून भरलेले. दोऱ्याचं एक टोक पहिल्या डब्याभोवती गुंडाळलं, दुसरं दुसऱ्याच्या पुढच्या बाजूला चिकटपट्टीने लावलं, म्हणजे ओढ सरळ केंद्रातून जाईल. बेअरिंग धरून ओढलं. नोट्स खऱ्या असतील तर फिरणारा डबा निम्म्यावर राहायला हवा. सर खरे असतील तर दोघं बरोबरीने.

तो मागे राहिला नाही, हे नक्की. पण बरोबरीनेही आला नाही. फिरणारा पुढे गेला! दुसरा ४० सेंटिमीटर आला तेव्हा हा ४५ च्या आसपास. सहा वेळा केलं, डबे अदलाबदल करून पाहिले. प्रत्येक वेळी फिरणाराच पुढे. सर, आता हे काय?

ऐरोलीकडून · बुधवार, रात्री १०:०२

हे मला विचारा. जड मशीन लादीवरून सरळ ओढलं तर जागचं हलत नाही. तेच थोडं डावी-उजवीकडे पिळत पिळत ओढलं की येतं. घरचा फ्रिजही असाच निघतो. फिरणाऱ्या वस्तूला जमीन कमी धरते.

फळ्यासमोर · बुधवार, रात्री १०:४०

बरोबर, आणि कारण असं. घर्षण प्रत्येक ठिकाणी तो ठिकाणचा तुकडा ज्या दिशेने घसरतोय त्याच्या उलट लागतं. सरळ सरकणाऱ्या डब्याच्या तळाचा प्रत्येक तुकडा पुढे घसरतो, म्हणून सगळं घर्षण मागे लागतं. फिरणाऱ्या डब्याच्या तळाचे तुकडे कुणी डावीकडे, कुणी उजवीकडे, काही तर मागे घसरत असतात. त्यांच्यावरचं घर्षण वेगवेगळ्या दिशांना लागतं आणि बरंचसं आपसांत फिटतं. तुमच्या डब्याच्या कडेचा फिरण्याचा वेग पुढे जाण्याच्या वेगाच्या जवळपास दुप्पट आहे. ढोबळ हिशोब केला, तर त्याला मागे ओढणारं घर्षण दुसऱ्याच्या सुमारे निम्मं येतं. म्हणून तो पुढे. दोऱ्याचं बल दोघांना सारखंच होतं. फरक होता तो जमिनीच्या बलात, आणि तेही बाहेरचंच बल, बेरजेत धरायला हवं. मोहरी आणखी गोल, एकसारखी निवडून घेतलीत तर फरक कमी व्हायला हवा.

घोडबंदर_चौथामजला · गुरुवार, सकाळी ११:३०

सगळं वाचतेय, फार आवडतंय. एक घरगुती शंका. पुढच्या आठवड्यात घर बदलतोय. लोखंडी कपाट ढकलताना मागच्या वेळी ते कलंडायला आलं होतं. कुठे हात लावून ढकलायचं, याचाही हिशोब असतो का?

फळ्यासमोर · गुरुवार, दुपारी १२:१०

असतो, आणि सोपा आहे ताई. कपाटाची ढकलण्याच्या दिशेतली खोली घ्या, तिचं निम्मं करा, आणि त्याला घर्षणांकाने (घर्षण वजनाच्या किती पट ते) भागा. त्याच्या वर हात लावलात तर कपाट सरकण्याआधी कलंडेल. कपाट ४५ सेंटिमीटर खोल असेल तर निम्मं २२.५. लादीवर घर्षणांक ०.४ धरला तर उत्तर ५६ सेंटिमीटर. म्हणजे मांडीच्या खालीच हात हवेत. खांद्याच्या उंचीला लावून ढकलणं धोक्याचं. कप्पे रिकामे करून घ्या, समोर लहान मूल उभं राहू देऊ नका, आणि शक्य असेल तर रुंदीच्या बाजूने ढकला.

मासुंदाकाठ · शुक्रवार, रात्री ९:२०

बारीक दाणे चाळून काढले, थर नीट एकसारखा केला. आता दुसरा ४० सेंटिमीटर येतो तेव्हा फिरणारा ४२ वर असतो. फरक निम्म्याहून कमी झाला.

लेकीने नोट्समधलं ते वाक्य खोडून शेजारी स्वतःचं लिहिलंय. उद्या पुन्हा तलावपाळीला जातोय. तिने हिशोब काढला आहे, की ढकललेल्या टोकापासून दोन-तृतीयांश लांबीवर एक जागा अशी असते जी पहिल्या क्षणी जागची हलतच नाही. मी पुढचं टोक ढकलणार, अगदी हळू. मागच्या टोकाशी मामा दोर धरून राहतील. आणि धाकटा त्या दोन-तृतीयांशावर बसणार आहे, दोन्ही हात मांडीवर ठेवून.